तीन वाजून दहा मिनिटांचा मेसेज

आमच्या घरात एका मेसेजवरून जवळजवळ चार वर्षं अबोला होता. ही गोष्ट आम्ही या पानावर आजवर लिहिली नव्हती, कारण तीत आमचीच चूक जास्त होती. पण परवा शेजारच्या घरी तसाच प्रकार होता होता राहिला आणि वाटलं, आता सांगून टाकावी. फुप्पींची परवानगी घेतली आहे.

२०१० ची रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल. बीडला आमचे बडे अब्बा जुहरच्या सुमारास अल्लाहला प्यारे झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. दफन त्याच रात्री इशाच्या नमाजनंतर करायचं ठरलं. नातेवाईक सगळीकडे पांगलेले. कोणी परळीला, कोणी गेवराईला, कोणी अंबाजोगाईला, आणि बडे अब्बांची एकुलती एक बहीण, म्हणजे आमच्या फुप्पी, धारूरकडच्या एका खेड्यात. बडे अब्बांच्या थोरल्या मुलाने मोबाइल घेतला, एक मेसेज लिहिला आणि फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्यांना पाठवून दिला. फुप्पींना आधी एकदा फोन लावून पाहिला होता. बाई बोलली, ‘संपर्क क्षेत्राबाहेर आहे.’ घाटाखालच्या त्या गावात हे रोजचंच. मग कुणीतरी म्हणालं, ‘मेसेज गेलाय ना, बघतील.’ आणि मेसेज खरोखरच गेला होता. पडद्यावर तसं लिहून आलं होतं.

रात्री उशिरापर्यंत फुप्पींची वाट पाहिली. जनाजा उठला. फुप्पी आल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. दारातच बसल्या. भावाचं तोंड पाहायचं राहून गेलं ते गेलंच.

तिसऱ्या दिवशी जियारत होती. पारे वाचून झाल्यावर बायकांच्या खोलीत बोलणं निघालं. इथे एक सांगायला हवं. आजोबांच्या शेतात फुप्पींचा हिस्सा होता आणि तो त्यांना मिळाला नव्हता. शरियतने बहिणीचा वाटा ठरवून दिलेला असताना आपल्या किती घरांत तो कागदावरसुद्धा येत नाही, हे वाचकांना आम्ही काय सांगावं! फुप्पींनी तो एकदा तोंडाने मागितला होता आणि तेव्हापासून दोन घरांत थोडा दुरावा होता. त्यामुळे कुजबूज अशी की, ‘शेताचा राग मय्यतीवर काढला.’ फुप्पी म्हणाल्या, ‘मेरेकू मेसेज सुबह आया. रात को आयाइच नहीं.’ एका चुलतभावाने त्यांचा फोन मागून घेतला, मेसेज उघडला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं : आदल्या दिवशीची तारीख, वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

फुप्पी काहीच बोलल्या नाहीत. बुरखा घेतला आणि निघून गेल्या. आम्ही त्या खोलीच्या दाराशीच उभे होतो. आम्हीही काही बोललो नाही. फोन कशाला खोटं बोलेल, असंच आम्हाला तेव्हा वाटलं होतं.

फोन खोटं बोलला नव्हता. आम्हाला त्याची भाषा वाचता आली नव्हती.

मोबाइलवरचा साधा मेसेज, ज्याला एसएमएस म्हणतात, तो एका फोनमधून सरळ दुसऱ्या फोनमध्ये जात नाही. तो आधी कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. तिथे त्याची नोंद होते, तो साठवला जातो, आणि मग केंद्र समोरच्या फोनचा शोध घेतं. फोन चालू असला, रेंजमध्ये असला तर काही सेकंदांत मेसेज पोचतो. नसला तर केंद्र तो आपल्याकडे ठेवून घेतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. किती काळ ठेवायचा यालाही मर्यादा असते. जुन्या फोनांत मेसेजच्या सेटिंगमध्ये ही मुदत निवडता यायची : एक तास, सहा तास, चोवीस तास, बहात्तर तास, एक आठवडा. मुदत सरली की मेसेज केंद्रातच संपतो. पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणजे आपल्या पडद्यावर ‘पाठवला’ असं येतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की केंद्राने तो घेतला. पत्र पेटीत पडलं, इतकंच. पूर्वी मरणाची तार यायची तेव्हा तारवाला दारात उभा राहून सही घ्यायचा. ती तारही जुलै २०१३ मध्ये देशातून बंद झाली. एसएमएसमध्ये पोच मिळण्याची सोय आहे, तिला डिलिव्हरी रिपोर्ट म्हणतात. पण ती फोनमध्ये आपण चालू करावी लागते. आमच्यापैकी कुणाला ती माहीत नव्हती. आणि ती पोचसुद्धा एवढंच सांगते की समोरच्या फोनने मेसेज घेतला. माणसाने वाचला की नाही, हे तिलाही कळत नाही.

फुप्पींच्या फोनचं काय झालं होतं, ते नंतर उलगडलं. त्यांचा फोन बटणांचा, साधा, नातवाने दिलेला. तशा फोनांत मेसेज ठेवायला जागा फार थोडी. जागा भरली की पडद्याच्या कोपऱ्यात छोटं पाकीट लुकलुकत राहायचं. ते पाकीट आठवडाभर लुकलुकत होतं आणि फुप्पी समजत होत्या की फोनला रेंज नाही म्हणून असं होतं. जागा कशाने भरली होती? ईद मुबारकच्या मेसेजांनी. चांदरातीपासून आलेले, फुलांच्या आणि चंद्राच्या खुणा काढलेले, एकाचा दुसऱ्याला पुढे ढकललेले. आमचेही त्यांत दोन होते.

फोनमध्ये जागा नसली की तो केंद्राला तसं कळवतो आणि केंद्र मेसेज थांबवून ठेवतं. जागा झाली की फोनच पुन्हा कळवतो, मग केंद्र थांबलेला मेसेज सोडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने पाकीट लुकलुकताना पाहिलं, दहा-बारा ईद मुबारक पुसून टाकले, आणि त्याच्या हातातच मय्यतीचा मेसेज येऊन पडला.

मग वेळ दुपारी तीन-दहाची का? कारण मेसेजवर जी वेळ उमटते ती केंद्राने तो घेतला तेव्हाची. मेसेजबरोबर ही मोहोर केंद्रातूनच लागून येते, आणि त्या काळचे बहुतेक साधे फोन तीच दाखवायचे. मेसेज फोनमध्ये कधी उतरला, हे त्यात कुठेच नसायचं. पाकिटावरचा शिक्का पोस्टाचा असतो, पोस्टमनचा नसतो. आम्ही शिक्का वाचून म्हणत होतो की पत्र तेव्हाच हातात पडलं होतं.

हे आम्हाला कळलं २०१४ मध्ये. आमचा एक भाचा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होता. घरात जेवताना जुना विषय निघाला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘मामू, थांबा.’ त्याने एक जुना बटणांचा फोन आणला, बंद केला, त्यावर दुसऱ्या फोनवरून मेसेज पाठवला आणि जेवण झाल्यावर, तासाभराने, तो फोन चालू केला. मेसेज आला. त्यावर वेळ होती फोन बंद असतानाची. दस्तरखानावर कुणी बोलेना. बडे अब्बांचा थोरला उठून बाहेर गेला.

(आजच्या स्मार्टफोनमध्ये मेसेज बराच वेळ दाबून धरला आणि त्याचे तपशील उघडले, की बऱ्याच फोनांत दोन वेळा दिसतात : पाठवल्याची वेगळी, मिळाल्याची वेगळी. भाच्याचा प्रयोग घरी करून पाहायला काही लागत नाही. मुलांना दाखवाच.)

त्याच रविवारी आम्ही चौघं धारूरला गेलो. फुप्पींनी चहा दिला. आम्ही सगळं समजावून सांगितलं. केंद्र, साठवण, शिक्का. फुप्पींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मैं तो तभीच बोली थी.’ बस, इतकंच. थोरल्याने त्यांचे हात धरले तेव्हा मात्र त्या रडल्या. त्यांना आमच्या केंद्राची आणि शिक्क्याची गरज नव्हती. ती आम्हाला होती, कारण आम्ही बहिणीच्या तोंडापेक्षा फोनच्या पडद्यावर जास्त भरवसा ठेवला होता. शेताचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. झालं ते बरं झालं, एवढंच.

एसएमएसचा जन्मच मुळी थोडक्यात काम भागवण्यासाठी झाला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या तरुण अभियंत्याने पहिला मेसेज पाठवला, तोही संगणकावरून, कारण तेव्हाच्या फोनवर अक्षरं लिहायची सोय नव्हती. मेसेज होता नाताळच्या शुभेच्छांचा. म्हणजे पहिला मेसेजही सणाचाच! फोन जोडण्यासाठी टॉवर आणि मोबाइल यांच्यात जी खाणाखुणांची बारीक वाट असते, त्याच वाटेने हा मेसेज जातो. म्हणून जिथे बोलणं तुटतं तिथेही कधी कधी मेसेज निघतो. बालाघाटाच्या रांगेतल्या गावांत हे लोकांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे : गच्चीवर जायचं, हात वर करायचा आणि मेसेज सोडून द्यायचा.

पण वाट बारीक, म्हणून माल थोडा. इंग्रजी लिपीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात. मराठीत किंवा उर्दूत लिहिलं की फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटीसुद्धा एकेक अक्षर म्हणून मोजली जाते. त्यापुढे गेलात की मेसेजचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे प्रवास करतो. समोरचा फोन ते पुन्हा जोडतो, पण सगळे तुकडे आले तर. आपल्याकडे मय्यतीच्या मेसेजची रीत काय? आधी इन्ना लिल्लाहि, मग मरहूमचं पूर्ण नाव, कुणाचे वडील, कुणाचे सासरे, मग दुआची विनंती, आणि सगळ्यात शेवटी जनाज्याची वेळ आणि कब्रस्तान. म्हणजे ज्यासाठी मेसेज पाठवायचा ते शेवटच्या तुकड्यात. आम्ही आता उलटं लिहितो. पहिल्या ओळीत कोण, किती वाजता, कुठे. बाकीचं नंतर. काही बुजुर्गांना हे बरं वाटत नाही. आम्हालाही सुरुवातीला कोरडं वाटलं होतं.

सणाच्या दिवशीचे मेसेज हा तर वेगळाच विषय. स्वस्त पॅक घेतलेलं असलं तरी ईद, दिवाळी, नववर्ष अशा ठरावीक दिवशी ते चालायचं नाही, प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे कापले जायचे. म्हणून सगळे आदल्या दिवशीच पाठवायचे, आणि केंद्रावर एवढी गर्दी व्हायची की चांदरातीचा मेसेज ईदच्या शिरखुर्म्यानंतर उतरायचा. २०१२ ची ईद तर आमच्या पिढीला विसरता येणार नाही. आसामातल्या हिंसाचारानंतर अफवांचे मेसेज फिरले, ईशान्येकडची मुलं बेंगळुरू आणि पुण्याहून गाड्या भरभरून घरी निघाली, आणि १७ ऑगस्टला सरकारने पंधरा दिवसांसाठी एका दिवसात पाचपेक्षा जास्त मेसेज पाठवायला बंदी केली. २० ऑगस्टला ईद होती. आमच्या घरात त्या दिवशी चर्चा : पाच कोण? अम्मींनी आपल्या पाचपैकी पहिला मेसेज धारूरला पाठवायला सांगितला. उत्तर आलं नाही. तेव्हा अबोला चालू होता. पोचला की नाही, वाचला की नाही, रागाने उत्तर दिलं नाही की फोन बंद होता, काहीच कळायला मार्ग नव्हता. (पोचला होता. पुढे फुप्पींनीच सांगितलं.)

त्या अफवांचंही नवल वाटतं. आमच्या मय्यतीचा मेसेज घाटाखाली अडला आणि त्या खोट्या मेसेजांनी हजारो तरुणांना स्टेशनवर आणून बसवलं. मेसेज पोचणं आणि मेसेज खरा असणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुणी पाठवला, त्याच्या हातात फोन खरंच होता का, हेही मेसेज सांगत नाही. आपल्या समाजात मेसेजवर तीन वेळा तलाक लिहून पाठवण्याचे प्रकार ऐकून आपण सगळे शरमलो आहोत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही रूपात दिला तरी अवैध आणि गुन्हा ठरला. त्या कायद्यातल्या शिक्षेबद्दल आपल्यात मतं वेगळी आहेत, ती असू द्या. पण जो निकाह दोन साक्षीदारांसमोर, मोठ्याने ‘कबूल’ म्हणून होतो, तो ज्याची पोचसुद्धा धड मिळत नाही अशा मेसेजने मोडावा, हे आमच्या अम्मींसारख्या न शिकलेल्या बाईलाही कधी पटलं नाही.

आता कुणी म्हणेल, हे जुने दिवस झाले. आता सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, दोन निळ्या खुणा दिसतात. ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं, तेव्हा त्या निळ्या खुणांचा काही उपयोग राहिला नाही. इंटरनेट बंद असलं तरी साधा फोन आणि साधा मेसेज आपल्या त्या बारीक वाटेने चालू शकतो. कित्येक महिन्यांनी आम्ही त्या दिवशी साधा मेसेज लिहिला : ‘आम्ही घरी. ठीक. बाहेर पडू नका.’ अक्षरं मोजून. सत्तरच्या आत बसला.

आणि आज तर घराची निम्मी कामं मेसेजवरच अडतात. बँक, रेशन, आधार, पीकविमा, सगळीकडे ओटीपी. इथे एक गोम आहे. एसएमएसची सगळी रचना थांबण्यावर उभी आहे : फोन नसेल तर थांब, जागा होईपर्यंत थांब, उद्या दे. ओटीपीला थांबता येत नाही. आधारचा ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. ज्या टपालाचा गुण सबुरी, त्यालाच आपण घड्याळाशी शर्यत लावायला सांगितलं. मोठमोठ्या यंत्रणांचीही यात फजिती झाली आहे. ८ मार्च २०२१ ला मोबाइल कंपन्यांनी ट्रायच्या नियमाप्रमाणे, नोंदणी नसलेले व्यावसायिक मेसेज गाळायला सुरुवात केली आणि देशभर ओटीपी अडकले. बँका, रेल्वे, आणि ज्येष्ठांच्या लसीची नोंदणी नुकतीच सुरू झाली होती, तीसुद्धा. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती गाळणी सात दिवस थांबवावी लागली.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारचा ओटीपी, आणि त्यावर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. मुदत आधी १८ नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. आता बीड जिल्ह्याचं पंचांग पाहा. दिवाळी झाली की कोयता निघतो. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, थेट उसाच्या फडात. आमच्या ओळखीच्या एका घरी बाई मुलांसाठी मागे राहिलेली, नवरा मुकादमाबरोबर कर्नाटकात. ही बीडला दुकानात बसून फोन लावते, तो फडातून म्हणतो, ‘थांब, अजून आला नाही.’ आकडा आला तेव्हा वेळ टळून गेलेली. पुन्हा मागवला, तर आधीचा आणि नंतरचा दोन्ही एकदम उतरले; त्याने चुकीचा वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी, नवरा सकाळी कामाला लागण्याआधी गावाच्या पुलावर जाऊन उभा राहिला, तेव्हा जमलं. महिन्याचे १५०० रुपये त्या पुलावर अवलंबून होते.

परवा शेजारी जे होता होता राहिलं, तेही मय्यतीचंच. त्यांच्या मुलाने गटात मेसेज टाकला आणि फोन बाजूला ठेवला. आमच्या पत्नीने भिंतीपलीकडून विचारलं, ‘जालन्याच्या खालाने उत्तर दिलं का?’ नव्हतं दिलं. फोन लावला तर त्यांचा फोन चार्जिंगला, दुसऱ्या खोलीत. शेवटी त्यांच्या शेजाऱ्याला फोन करून दार वाजवायला सांगितलं. खाला वेळेत पोचल्या.

आमच्याकडे आता असा निरोप द्यायची वेळ आली की मेसेज जातोच, पण थोरला कागदावर नावं लिहितो आणि चार मुलांत वाटून देतो. ज्याच्याकडे जे नाव, त्याने त्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय त्यापुढे खूण करायची नाही. घाटाखालच्या गावासाठी तिथल्या मशिदीच्या मुअज्जिन साहेबांचा आणि किराणा दुकानदाराचा नंबर कागदाच्या मागे लिहिलेला आहे. यादीत पहिलं नाव फुप्पींचं असतं. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, आणि प्रत्येक वेळी सगळं दोनदा मोठ्याने सांगावं लागतं.